मर्क्युरी नावाची आई

लंडनच्या सोहो भागात सेंट ॲन्स कोर्ट नावाची अरुंद गल्ली आहे. १९७२ साली त्या गल्लीत ट्रायडंट हा नावाजलेला स्टुडिओ होता. बीटल्सनी ‘हे ज्यूड’ तिथे मुद्रित केलं होतं, डेव्हिड बोवीचं काम तिथे चालायचं. अशा बड्या मंडळींनी आपले तास घेतले की जो उरलासुरला वेळ राही, बहुतेकदा रात्री-अपरात्रीचा, त्या वेळात चार होतकरू पोरं आपली पहिली तबकडी पुरी करत होती. स्टुडिओ मोकळा झाला की यायचं, मोठं गिऱ्हाईक आलं की उठायचं. खिशात पैसा नाही आणि बाहेर फारसं कुणी ओळखत नाही.

त्या तबकडीवर ‘माय फेअरी किंग’ नावाचं एक गाणं आहे. परीकथेतल्या राज्याचं गाणं. त्यातल्या काही प्रतिमा रॉबर्ट ब्राउनिंगच्या हॅमेलिनच्या पुंगीवाल्यावरच्या कवितेतून आलेल्या. गरुडाचे पंख लाभलेले घोडे तिथलेच. पण गाणं पुढे सरकतं तसं त्या राज्यावर मळभ येतं, आणि शेवटाकडे गाणारा आपल्या आईपाशी गाऱ्हाणं घेऊन जातो. त्या आईला नाव आहे. मर्क्युरी.

हे नाव तिथे का यावं? रोमन लोकांचा मर्क्युरी हा पुरुष देव. देवांचा निरोप्या, पायांत पंखांची पादत्राणं, वाटसरूंचा आणि व्यापाऱ्यांचा राखणदार. त्याला या गाण्यात आई केलेलं आहे. गिटार वाजवणारा ब्रायन मे यानं पुढे कितीतरी वर्षांनी एका माहितीपटात सांगितलं की हे गाणं लिहिणाऱ्या त्याच्या मित्रानं त्या दिवसांत एकदा जाहीर करून टाकलं: आपण आता मर्क्युरी होणार, कारण गाण्यातली ती आई म्हणजे आपली आई आहे. ऐकणाऱ्यांना वाटलं, याला वेड लागलं की काय.

मित्राचं नाव फारुख बुलसारा. हे सांगणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. जगाला फ्रेडी मर्क्युरी मिळाला तो कुठल्या व्यवस्थापकाच्या कचेरीत नाही, जाहिरातवाल्याच्या टेबलावर नाही. एका गाण्याच्या शेवटच्या ओळींमध्ये मुलानं आईला हाक मारली आणि त्या हाकेतून त्याचं आडनाव बाहेर आलं.

पण तिथवर पोहोचायला त्याला बरीच वर्षं लागली होती. ती वाट पाचगणीतून जाते.

‘बुलसारा’ या आडनावातच एक गाव आहे. गुजरातेतलं बुलसार, आजचं वलसाड. पारशी आडनावं अशीच घडली: कुणी गावावरून भरुचा, बिलिमोरिया, पूनावाला, कुणी धंद्यावरून दारूवाला, बाटलीवाला. ही आडनावं फार जुनी नव्हेत. बरीचशी इंग्रजी अमलात, कागदावर काहीतरी लिहायला हवं म्हणून पक्की झाली. म्हणजे ज्या घरात हा मुलगा जन्मला त्या घराला नाव घेणं आणि नाव बदलणं नवीन नव्हतं. ज्या गावातून निघालो त्याचं नाव पाठीवर घेऊन पुढच्या गावी राहायचं, ही तिथली रीत.

वडील बोमी बुलसारा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर सरकारी कचेरीत रोखपाल होते. आईचं नाव जेर. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये त्यांना मुलगा झाला. फारुख हे नाव फारसी. अर्थ शुभ, भाग्यवान. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी त्याला शिकायला हिंदुस्थानात पाठवायचं ठरवलं. जहाजानं मुंबई, मुंबईहून आगगाडीनं पुणे, आणि पुढे वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी. सेंट पीटर्स स्कूल, मुलांची निवासी शाळा.

पाचगणीला जाताना घाटातल्या वळणांवर मला तो मुलगा आठवतो. खाली कृष्णेचं खोरं, वाईची कौलं लहान लहान होत जातात, हवा गार होते आणि सिल्व्हर ओकची झाडं दिसायला लागतात. आपण दोन दिवसांची हवापालट करायला आलेलो असतो. त्याला तिथे वर्षानुवर्षं राहायचं होतं, आणि आई समुद्रापलीकडे होती. सुट्टीत प्रत्येक वेळी झांझिबारला जाणं शक्य नसे. मग मुंबईला मावशीकडे, आजीकडे.

या शाळेत त्याला दोन नावं मिळाली. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुलं त्याला ‘बकी’ म्हणायची. बाहेर आलेल्या दातांवरून पडलेलं हे नाव कुठल्याही मुलाला बोचेल असंच. दुसरं नाव होतं फ्रेडी. ते शिक्षकांच्या आणि मित्रांच्या तोंडी बसलं, त्यानंही ते धरलं आणि हळूहळू घरचेही त्याला त्याच नावानं हाक मारू लागले. एक नाव टोचणारं, एक नाव आवडलेलं. लोक आपल्याला काय म्हणतात यानं आपण बदलतो, हे इतक्या लहानपणी कळलेला माणूस पुढे नावांच्या बाबतीत कधीच बेफिकीर राहिला नाही, यात मला नवल वाटत नाही.

शाळेनं त्याचा कान ओळखला. त्याला पियानोच्या वेगळ्या शिकवणीला घातलं आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्यानं दिल्या. बारा-तेरा वर्षांचा असताना पाच मुलांनी मिळून बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. पियानोवर फ्रेडी. गायक तो नव्हता, गाणारा दुसरा होता. त्या पाचांतला एक, व्हिक्टरी राणा, पुढे नेपाळच्या लष्करात मोठा अधिकारी झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. ‘हेक्टिक्स’ म्हणजे धांदलवाले, धावपळवाले. शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचं, आणि वाजवायचं ते रेडिओवर ऐकलेलं: क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो.

आता ही तीन नावं जरा उलगडून बघा. क्लिफ रिचर्डचं खरं नाव हॅरी वेब, जन्म लखनौचा, १९४० सालचा. १९५८ साली त्याचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा पहिला भाग ‘क्लिफ’, म्हणजे कडा, खडक. आणि ‘रिचर्ड’ घेतलं ते लिटल रिचर्डच्या आदरापोटी. लिटल रिचर्ड स्वतः रिचर्ड पेनिमन. फॅट्स डॉमिनो हा अँटवान डॉमिनो. म्हणजे पाचगणीच्या पियानोवर जी गाणी वाजत होती ती सगळी घेतलेल्या नावांच्या माणसांची होती, आणि त्यातला एक तर याच देशात जन्मून विलायतेला गेलेला. त्या पोराला हे सगळं ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. पण त्याच्या कानावर पडणारं संगीत आणि नाव घडवण्याची रीत ही दोन्ही एकाच तबकडीवरून त्याच्याकडे येत होती.

१९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, आणि अरबांच्या, हिंदी लोकांच्या जिवावर बेतलं. बुलसारा कुटुंबानं बेट सोडलं आणि ते लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाच्या जवळच्या फेल्टममध्ये येऊन राहिलं. ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरचं २२ नंबरचं साधं घर. फ्रेडी सतरा वर्षांचा. पुढे ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्यानं ग्राफिक डिझाइनचा अभ्यास केला, १९६९ मध्ये पदविका घेतली. जिमी हेंड्रिक्सवर त्याचं इतकं प्रेम की त्याची चित्रं काढत राहायचा.

इथे एक सोपं उत्तर तयार असतं, आणि मी ते पुष्कळदा ऐकलंय. तो काळ वर्णद्वेषाचा. १९६८ च्या एप्रिलमध्ये ईनॉक पॉवेलनं बर्मिंगहॅममध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. रस्त्यावर सावळ्या माणसाला शिव्या पडायच्या. मग बुलसारा हे नाव घेऊन रॉकच्या रंगमंचावर कोण उभं राहू देणार? म्हणून त्यानं आपलं पारशीपण लपवलं, असं ते उत्तर.

त्यात तथ्य नाही असं कुणी म्हणू नये. त्यानं पुढे पाचगणीबद्दल, झांझिबारबद्दल जाहीरपणे फार क्वचित तोंड उघडलं. पण लपायचंच असतं तर माणूस ब्राउन होतो, टेलर होतो. गर्दीत मिसळून जाईल असं आडनाव घेतो. ‘मर्क्युरी’ हे कुठल्याही इंग्रज शेजाऱ्याचं आडनाव नाही. ते दुरून चमकतं. लपण्यासाठी असलं नाव कुणी घेत नाही. त्याच्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं, आणि त्याचा माग काढायचा तर त्यानं स्वतःच्या आधी दुसऱ्यांची नावं कशी बदलली ते बघावं लागतं.

१९६९ च्या उन्हाळ्यात तो लिव्हरपूलच्या ‘आयबेक्स’ नावाच्या बँडमध्ये गायक म्हणून शिरला. ऑगस्टमध्ये बोल्टनला पहिला कार्यक्रम. आयबेक्स म्हणजे डोंगरात राहणारा, वाकड्या शिंगांचा रानबोकड. फ्रेडीला ते नाव पटेना. त्याच्या मनात होतं ‘रेकेज’, म्हणजे फुटून विखुरलेल्या जहाजाचे, गाडीचे अवशेष. गिटारवादक माइक बर्सिननं नंतर ही हकिगत सांगितली आहे. एका रात्री फ्रेडीचा फोन आला: नाव बदलू या का, बाकीच्यांची हरकत नाही. बर्सिन म्हणाला, बाकीच्यांची नसेल तर माझीही नाही. मागाहून कळलं की फ्रेडीनं एकेकाला असाच फोन लावून हेच सांगितलं होतं. आणि पुढच्या कार्यक्रमाला पोहोचतात तर सामानावर नवं नाव रंगवूनही झालेलं.

मला या प्रसंगात त्याची घाई दिसते आणि खात्रीही. गायक म्हणून त्याला ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण नाव कसं असावं याबद्दल त्याचं मत आधीच पक्कं. तरी ‘रेकेज’ टिकला नाही. काही महिन्यांत बँड मोडला. मग १९७० च्या सुरुवातीला एका जाहिरातीवरून तो ‘सावर मिल्क सी’ नावाच्या बँडमध्ये गेला. तोही लवकरच फुटला. नासलेल्या दुधाचा समुद्र. इतरांनी ठेवलेल्या नावाखाली तो उभा राहिला असा हा शेवटचा बँड.

त्या काळात त्याची सारी नजर एका वेगळ्याच बँडवर होती. ईलिंगमधला त्याचा वर्गमित्र टिम स्टाफेल ‘स्माइल’मध्ये गायचा. त्यात गिटारवर ब्रायन मे, इंपीरियल कॉलेजचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. ड्रम्सवर रॉजर टेलर, दंतवैद्यकी शिकणारा. ‘स्माइल’चं बोधचिन्ह स्टाफेलनं स्वतः काढलं होतं: एक हसणारं तोंड, मोठाले ओठ आणि मोठाले दात. बकी म्हणवून घेतलेल्या मुलाला ते चित्र पाहून काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

‘स्माइल’ची एक तबकडी १९६९ मध्ये निघाली, तीही फक्त अमेरिकेत. एका बाजूला ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. ती काढणाऱ्या कंपनीचं नाव मर्क्युरी रेकॉर्ड्स. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर, भोकाच्या जवळ, ते छापलेलं होतं. हा पुरावा आहे असं मी म्हणत नाही. पण जो माणूस पुढे त्या अक्षरांना आपलं आडनाव करणार होता, त्याच्या मित्रांच्या पहिल्या तबकडीवर ती आधीच फिरत होती, हे समजल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

१९७० च्या एप्रिलमध्ये स्टाफेलनं ‘स्माइल’ सोडला. मे आणि टेलर खचले होते. फ्रेडी त्यांच्यात आला तो गायक म्हणून, आणि पहिला आग्रह नावाचा. टेलर वीस वर्षांचा, मे बावीस, हा तेवीस. बाकी दोघांकडे त्यांच्या याद्या होत्या. त्यांना सी. एस. लुईसची अवकाशावरची कादंबरी-त्रयी आवडायची, तिच्या वाचनातून ‘ग्रँड डान्स’ हे नाव पुढे आलं होतं. ‘बिल्ड युअर ओन बोट’ असंही एक होतं, आपली नाव आपणच बांधा. एकंदर सगळी नावं लांब, दोन-चार शब्दांची, त्या वेळच्या विद्यार्थी-बँडांच्या फॅशनची.

फ्रेडीनं एकच शब्द ठेवला. क्वीन. राणी.

दोघे बिचकले. कारण उघड होतं. गादीवर खरीखुरी राणी होती. आणि रस्त्यावरच्या इंग्रजीत हाच शब्द समलिंगी पुरुषाला हिणवायला वापरला जाई. समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये गुन्ह्याच्या व्याख्येतून अंशतः बाहेर निघाले ते १९६७ मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी. चौघं-पाचजण हसतील, शिट्ट्या मारतील ही भीती खरी होती. फ्रेडीनं पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे की त्या अर्थाची त्याला पूर्ण कल्पना होती, पण तो त्या शब्दाचा फक्त एक पैलू होता. शब्द लहान, जोरकस, राजेशाही थाटाचा. जगात कुठेही कळणारा. आणि त्याचं चित्र काढता येतं.

चित्र काढता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तो ग्राफिक डिझाइन शिकलेला होता. नाव कानानं ऐकायचं असतं तसं भिंतीवरच्या कागदावर डोळ्यानं बघायचंही असतं, हे त्याच्या हाताला माहीत होतं. इंग्रजी ‘क्यू’ हे अक्षर दुर्मिळ, गोल, शेपटीचं. त्याच्या आत मुकुट बसतो. पहिली तबकडी निघण्याच्या सुमारास त्यानं बँडची मुद्रा स्वतः काढली, चौघांच्या राशी घेऊन: टेलर आणि पुढे आलेला बासवादक जॉन डीकन हे सिंहेचे, म्हणून दोन सिंह, मे कर्केचा, म्हणून खेकडा, स्वतः कन्येचा, म्हणून दोन पऱ्या. वर पंख पसरलेला फिनिक्स. मुकुट गोल अक्षराच्या पोटात.

नाव मात्र लगेच रुजलं नाही. २७ जून १९७० ला कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावी रेड क्रॉसच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. टेलरच्या आईनं तो आधीच ठरवून ठेवलेला, त्यामुळे जाहिरातीत नाव ‘स्माइल’च. म्हणजे क्वीनचा पहिला कार्यक्रम मेलेल्या बँडच्या नावानं झाला. जुलैमध्ये लंडनला, इंपीरियल कॉलेजात, ते क्वीन म्हणून उभे राहिले.

आणि याच एक-दोन वर्षांत कधीतरी फ्रेडी बुलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला.

खुणा सगळ्या समोर होत्या. मित्रांच्या तबकडीवरचं कंपनीचं नाव. जन्मतारखेची रास कन्या, आणि कन्येचा स्वामी बुध, म्हणजेच इंग्रजीतला मर्क्युरी. याबाबतीत त्यांचा ज्योतिषी आणि आपला पंचांगवाला यांचं एकमत आहे. वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा देव, आणि याचं घराणं बुलसारहून झांझिबारला, झांझिबारहून फेल्टमला गेलेलं. पारा हा धातूही त्याच नावाचा: खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा एकमेव धातू, चिमटीत न सापडणारा. यातलं एखादं कारण पुरेसं आहे असं म्हणून हात झटकता येतील. चरित्रकार झटकतातही.

पण ब्रायन मे शेजारी होता, आणि त्यानं ऐकलेलं कारण या सगळ्यांहून वेगळं आहे. तो म्हणतो, आई. राशीनं, तबकडीनं, पुराणानं तो शब्द आसपास आणून ठेवला असेल. तो आपला आहे हे फ्रेडीला गाण्यात कळलं. मला हे पटतं, कारण खऱ्या शोधाची गत अशीच असते. वस्तू नजरेसमोर पडलेली असते आणि दिसत नाही. मग ती एखाद्या ओळीत बसते, त्या ओळीत तिला ‘आई’ म्हटलं जातं, आणि मग दिसते.

आठव्या वर्षी आईपासून दूर, जहाजानं, घाट चढून पाठवलेला मुलगा. त्याच्या बापाचं आडनाव एका गावाचं, ज्या गावात तो कधी राहिलाच नाही. ते बाजूला ठेवून त्यानं आडनाव घेतलं ते स्वतः रचलेल्या आईचं. यात घर सोडणं किती आणि घरी परतणं किती, हे मला सांगता येणार नाही, दोन्ही आहेच.

आपल्याकडे गाणाऱ्याचं नाव बहुधा दुसऱ्यानं दिलेलं असतं. लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं ऐकून लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटलं अशी हकिगत आपण ऐकत आलो, आणि १९१३ मध्ये निघालेली नाटक मंडळीही ‘गंधर्व’च झाली. नाव प्रसादासारखं ओंजळीत पडलं आणि मग आयुष्यभर त्याला जागायचं. फ्रेडीला असं देणारं कुणी नव्हतं. त्यानं स्वतःच स्वतःला दिलं. तरी या दोघांत एक नातं मला दिसत राहतं. बालगंधर्व पुरुष असून स्त्रीचं रूप लेऊन उभे राहिले आणि लोकांनी ते मनोमन स्वीकारलं. फ्रेडीच्या बँडचं नाव राणी, त्याच्या आडनावाच्या मुळाशी आई. दोन्ही नावांच्या पोटात बाई आहे, आणि ती त्यानं दडवली नाही.

नाव उपरं असेल तर काय होतं, याची परीक्षाही त्याच्या वाट्याला आली. ट्रायडंटमध्ये रॉबिन केबल नावाचा निर्माता एका जुन्या गाण्यावर प्रयोग करत होता, ‘आय कॅन हिअर म्युझिक’. त्यानं फ्रेडीला गायला बोलावलं. तबकडी १९७३ च्या जूनमध्ये निघाली, क्वीनच्या पहिल्या तबकडीच्या काही दिवस आधी, आणि तिच्यावर गायकाचं नाव होतं लॅरी ल्युरेक्स. तेव्हा ब्रिटनमध्ये चमचमत्या कपड्यांची लाट होती, गॅरी ग्लिटर हे नाव गाजत होतं, त्याची ही नक्कल. ल्युरेक्स म्हणजे धातूची झाक असलेला धागा, आपल्या जरीची गिरणीत तयार होणारी बहीण. आवाज तोच, गळा तोच, आणि तबकडी पडली. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. ल्युरेक्स वरून शिवलेलं होतं.

१३ जुलै १९७३ ला क्वीनची पहिली तबकडी आली. तिच्या वेष्टनावर बाकीच्यांच्या नावांशीही खेळ झालेला दिसतो: टेलर तिथे रॉजर मेडोज-टेलर आहे, आणि डीकनचं नाव उलटं करून ‘डीकन जॉन’ छापलंय. डीकनला ते आवडलं नाही, पुढच्या तबकडीपासून तो पुन्हा जॉन डीकन झाला. टेलरचं मेडोजही गळून पडलं. चौघांत ज्याचं नाव सर्वांत अशक्य, ज्याला ऐकून मित्रांनी वेड्यात काढलं होतं, त्याचंच बदललेलं नाव टिकलं.

पुढचं जगाला माहीत आहे, ते मी इथे सांगत बसत नाही.

२४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. तिसऱ्या दिवशी वेस्ट लंडनच्या दाहगृहात अंत्यसंस्कार झाले. पांढऱ्या वस्त्रांतल्या पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या, फारुखच्या घराण्याच्या रीतीनं. त्याच्या अस्थी कुठे आहेत हे फार थोड्यांना सांगितलं गेलं आणि ते कधी बाहेर आलं नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत एका चौथऱ्यावरच्या छोट्या पाटीकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. खाली फ्रेंचमध्ये प्रेमाची एक ओळ, वर दोन तारखा, ५ सप्टेंबर १९४६ आणि २४ नोव्हेंबर १९९१. नाव फारुख बुलसारा. मर्क्युरी कुठेच नाही. बातमी फुटल्यावर काही दिवसांतच ती पाटी तिथून काढली गेली.

दुसरी पाटी अजून आहे. फेल्टमच्या ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवर, त्या २२ नंबरच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, १ सप्टेंबर २०१६ ला इंग्लिश हेरिटेजनं निळा गोल बसवला. तिथे वर फ्रेडी मर्क्युरी आणि कंसात फ्रेड बुलसारा. ब्रायन मे आला होता, बहीण काश्मीराही होती. अडीच महिन्यांनी, १३ नोव्हेंबरला, जेर बुलसारा गेल्या. त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या.